मोहेंजोदडोच्या काळात आपल्या गावात कोण राहत होतं?

श्रीगोंदा तालुक्यात घोड नदीजवळच्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा हा प्रश्न आहे. सिंधू संस्कृतीचा धडा संपल्यावर वर्गातल्या एका मुलीने त्यांना विचारलं, "बाई, तेव्हा आपल्या गावात कोण राहत होतं?" बाईंना उत्तर देता आलं नाही. त्यांनी त्यात स्वतःचे दोन प्रश्न जोडले आहेत. महाराष्ट्रात तेव्हा शहरं का उभी राहिली नाहीत? आणि आपले लोक मागे पडले होते, असं मुलांना सांगायचं का?

बाई, दख्खनच्या उत्खननांत आणि खापरांच्या ढिगाऱ्यांत माझी पस्तीस वर्षं गेली आहेत. पण त्या मुलीने विचारला तितका नेमका प्रश्न मला परिसंवादांतही क्वचितच कुणी विचारला असेल. तेव्हा आधी तिचं उत्तर.

सिंधूकाठची शहरं इ.स.पू. २६०० ते १९०० या काळात भरात होती. त्या वेळी तुमच्या नदीकाठी गाव नव्हतं, पण माणसं होती. गारगोटीसारख्या दगडांची बोटाच्या पेराएवढी पाती काढून ती लाकडात किंवा हाडात बसवायची, हरणांमागे फिरायचं, बोरं-कंद गोळा करायचे आणि ऋतू बदलला की मुक्काम हलवायचा, असं त्यांचं जगणं होतं. त्यांना "नुसते भटके" म्हणू नका. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली जाळीदार नक्षी मिळाली आहे आणि ती सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची आहे. माणूस वस्ती करून राहायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून हात आणि डोकं चालवत होता.

तुमच्या नदीकाठचं आपल्याला नीट माहीत असलेलं पहिलं शेतकऱ्यांचं गाव वसलं ते इ.स.पू. १६००च्या सुमारास, म्हणजे मोहेंजोदडो ओस पडल्यावर काही शतकांनी. ते आहे शिरूर तालुक्यातलं इनामगाव, घोडच्याच काठावर. हे अंतर मुलांना फळ्यावर रेघ ओढून दाखवा. धड्यात सगळ्या "प्राचीन" गोष्टी शेजारी शेजारी येतात आणि मुलांना त्या एकाच दिवशी घडल्यासारख्या वाटतात.

आता हे कळलं कसं? आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पांढरी पांढरी का होते? चुलीतली राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, हाडं, कुजलेलं छप्पर हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी साचत जातं आणि मातीला राखाडी रंग येतो. गाव उठून गेलं तरी तो रंग जात नाही. महाराष्ट्रातली बहुतेक प्राचीन गावं आम्हाला अशा पांढरीच्या टेकाडांवरूनच सापडली. या शोधातला शेतकऱ्यांचा वाटा आमच्या अहवालांत फार थोडा दिसतो. "तिकडे पांढरीची माती आहे, खापरं लई निघतात," हे सांगणारा माणूस नेहमी गावातलाच असतो. दुःख एवढंच की ही माती खत म्हणून चांगली असते. शेताला घालण्यासाठी ट्रॅक्टरने निम्मं कापून नेलेलं टेकाड मी पाहिलं आहे. कापलेल्या कडेला चुलींचे थर एकावर एक दिसत होते, आणि ज्यांनी त्या पेटवल्या त्यांच्याबद्दल जे कळलं असतं, ते कुणाच्या तरी उसात पसरलं होतं.

महाराष्ट्रात शेती तापीच्या खोऱ्यात आधी दिसते. धुळे-नंदुरबारकडच्या सावळदा संस्कृतीची गावं इ.स.पू. २०००च्या आगेमागेची आहेत. प्रवरेच्या काठावर, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला, सावळद्याच्या थरावर उत्तर-हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळातल्या, लोकांचा थर आहे. तिथे सिंधू लिपीची चिन्हं असलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या. म्हणजे सिंधूकाठची शहरं मोडली तेव्हा तिथली काही माणसं, किंवा निदान त्यांची विद्या, दक्षिणेकडे सरकत प्रवरेपर्यंत आली. याच दायमाबादला १९७४ साली झाडाचं मूळ खणताना एका गावकऱ्याला काशाच्या चार वस्तू मिळाल्या: बैलजोडी जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. त्या नेमक्या कोणत्या काळातल्या यावर आमच्यात वाद आहे, कारण त्या थरांच्या रीतसर खोदाईत निघालेल्या नाहीत. वस्तू हाती आली तरी ती कोणत्या थरातली हे हरवलं की तिची निम्मी गोष्ट हरवते, हे समजावून सांगताना मी नेहमी याच रथाचं उदाहरण देतो.

त्यानंतर नर्मदेकडून माळवा संस्कृतीचे लोक आले आणि त्यांच्यातूनच, थोड्या स्थानिक वळणाने, जोर्वे संस्कृती घडली. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं गाव. १९५०-५१मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं, म्हणून हे नाव. जोर्वेचं भांडं ओळखायला सोपं आहे. पातळ, पक्कं भाजलेलं, नारिंगी-तांबडं, त्यावर काळ्या रंगाच्या रेघा आणि चौकटी. टिचकी मारली तर खणखणीत वाजतं. तोटी असलेलं भांडं तर यांची खूणच.

इनामगावला जरा थांबू या, कारण तुमच्या वर्गाच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथल्या मातीत आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. एखाद-दुसरा चर घेऊन थांबायचं नाही, गावच्या गाव उलगडायचं, असा त्यांचा आग्रह होता. शंभराहून अधिक घरं उघडी झाली. तोवर आम्ही खापरांवरून "संस्कृती" सांगत होतो. इथे पहिल्यांदाच शेजारी कोण, कुणाचं घर मोठं, कुणाच्या दारात कणगी, हे दिसू लागलं.

गावाचे तीन काळ आहेत. इ.स.पू. १६०० ते १४०० माळवा, १४०० ते १००० पूर्व-जोर्वे आणि १००० ते ७०० उत्तर-जोर्वे. पूर्व-जोर्वे काळातलं गाव डोळ्यांसमोर आणा. आयताकृती घरं, बुटक्या मातीच्या भिंती, त्यावर कूड आणि गवताचं छप्पर. घरं रांगेत, मध्ये जाण्या-येण्यापुरती बोळ. आत चूल आणि जमिनीत खणलेलं पेव. शेजारी चार चपटे दगड मांडलेले, कारण धान्याचा रांजण चार पायांचा असायचा आणि त्याचे पाय या दगडांवर टेकायचे. मी पहिल्यांदा अशा घराचा आराखडा पाहिला तेव्हा मला आजीच्या घरातली कणगी आणि तिच्याखालचे दगड आठवले. साम्य दिसलं म्हणून परंपरा तीच, असं मी म्हणणार नाही. पण उंदीर आणि ओल यांच्यापासून दाणा वाचवायची काळजी तीच आहे.

काय पिकवायचे? मुख्य पीक जव. शिवाय गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ, थोडा तांदूळही. बोरं, जांभळं, आवळे गोळा करायचे. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या होत्या. हरणाची शिकार सुटली नव्हती. नदीतले मासे आणि कासवंही पोटात जात. इथे मुलांना विचारा की त्यांनी जवावर भर का दिला असेल. तुमच्या भागातली मुलं हे चटकन सांगतील. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भागात, गव्हापेक्षा कमी पाण्यावर येणारं धान्य शहाणा शेतकरी निवडणारच. त्यांनी तेवढ्यावर भागवलं नाही. नदीच्या पुराचं पाणी वळवून घेण्यासाठी गावाच्या कडेने मोठा चर खणला आणि त्याला दगड-चिखलाचा बांध घातला.

हा बांध मला त्या रथाहूनही मोलाचा वाटतो. एका कुटुंबाचं हे काम नव्हे. कुणीतरी ठरवलं, कुणीतरी माणसं बोलावली, किती खणायचं याची वाटणी केली. पाणी आल्यावर आधी कुणी घ्यायचं यावरून भांडण झालं असेल तर तेही कुणीतरी मिटवलं. समाज "उदयाला येतो" म्हणजे काय होतं, ते इथे मातीत दिसतं.

आणि तो "कुणीतरी" कोण, याचाही माग इथे आहे. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचं घर होतं, तिथल्या सर्वांत मोठ्या घरांपैकी एक. त्याच्यालगत धान्याचं कोठार. बाकीच्या घरांचा दाणा आपापल्या पेवात आणि कणगीत, हे कोठार मात्र कुटुंबाच्या गरजेपेक्षा मोठं. कुंभार, सोनार, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरं गावाच्या पश्चिमेकडच्या कडेला. म्हणजे कोणी कुठे राहायचं याचीही रीत ठरत चालली होती.

या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात एक दफन मिळालं. मोठा, चार पायांचा, कच्च्या मातीचा रांजण, आणि त्यात मांडी घालून बसवलेला सुमारे चाळीस वर्षांचा पुरुष. याचं वेगळेपण कळायला त्या गावची नेहमीची रीत माहीत हवी. मोठ्या माणसाला घराच्या जमिनीखालीच, डोकं उत्तरेकडे करून, उताणं पुरत. शेजारी अन्नपाण्याची भांडी ठेवत. आणि पुरण्यापूर्वी त्याची पावलं तोडत. का? मेलेल्याने घर सोडून जाऊ नये, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं, असं आम्ही अनुमान करतो. रांजणातल्या माणसाची पावलं मात्र शाबूत होती. जगताना ज्याचा मान वेगळा, त्याला मरणाचा नियमही वेगळा. राजा, मुकुट, शिलालेख यांच्या कितीतरी आधी सत्ता अशी दिसते, एका अंगणात, एका कोठाराशेजारी.

लहान मुलांचं दफन हे या गावातलं सर्वांत हळवं काम. दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मूल, आणि तेही घरातल्याच जमिनीखाली. इनामगावच्या दफनांत बहुसंख्य लहान मुलंच आहेत. नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांतून ओवलेल्या दोऱ्याचे तंतू टिकून राहिले होते. अशी मडकी उघडताना खड्ड्यात कुणी मोठ्याने बोलत नाही.

आता शहरांचा प्रश्न. आधी एक शब्दाचा घोळ निस्तरायला हवा. मराठीत आपण "सिंधू संस्कृती" म्हणतो आणि "जोर्वे संस्कृती"ही म्हणतो. एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. पहिल्या ठिकाणी नगरं, लिपी, वजन-मापं असलेली नागरी व्यवस्था अभिप्रेत असते. दुसऱ्या ठिकाणी एका धाटणीची भांडी, घरं आणि दफनं असलेला गावांचा समूह. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९५०मध्ये नागरी समाजाची दहा लक्षणं मांडली. दाट वस्ती, शेती न करणारे पूर्णवेळ कारागीर, गोळा केलेला अतिरिक्त दाणा, मोठ्या सार्वजनिक वास्तू, लिपी वगैरे. यातल्या काहींची सुरुवात इनामगावला दिसते. लिपी मात्र नाही, आणि गावाचा पसारा जेमतेम पाच हेक्टरचा. दायमाबाद त्याच्या चौपट. दोन्ही शहरं नव्हेत.

का नव्हेत? माझ्या मते कारणं जमिनीत, पाण्यात आणि वाहतुकीत आहेत. सिंधूला हिमालयाचं पाणी, दरवर्षी पुराने येणारा नवा गाळ आणि सपाट, अफाट मैदान. आमची नदी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात डोहांपुरती उरते. तिच्या दोन्ही काठांना सुपीक मातीची चिंचोळी पट्टी, पलीकडे मुरूम आणि कातळ. दूरची खोल काळी जमीन भेगाळते तेव्हा स्वतःच उलथते हे खरं, आणि इनामगावजवळच्या वाळकीला हाडापासून केलेलं नांगराच्या फाळासारखं अवजारही मिळालं आहे. पण लोखंडाशिवाय हरळी आणि झाडोरा काढून ती जमीन मोठ्या प्रमाणावर वहितीखाली आणणं अवघड होतं. तांबं दुर्मीळ, म्हणून रोजच्या कापाकापीला शेवटपर्यंत दगडाचीच पाती.

तिसरी गोष्ट पुस्तकांत फारशी येत नाही. सिंधू, नाईल, युफ्रेटिस या नद्यांतून धान्याने भरलेली होडी शेकडो कोस जाते. घोडमधून जात नाही. शहर म्हणजे हजारो माणसं, जी स्वतः पिकवत नाहीत पण रोज जेवतात. त्यांचा दाणा कुठून तरी वाहून आणावा लागतो. बैलाच्या पाठीवर आणायचा तर बैलही वाटेत खातो. पाच-दहा गावांचा दाणा एका कोठारात आणणं इनामगावच्या मुखियाला जमलं असेल. शंभर गावांचा आणणं त्या वाटांवर शक्य नव्हतं.

म्हणून "मागे पडले" हा शब्द मला मान्य नाही, आणि अभिमानापोटी मी हे म्हणत नाही. पायऱ्यांचं चित्र मुळातच चुकीचं आहे. शिकार, मग शेती, मग गाव, मग शहर, मग राज्य, आणि सगळ्या जगाने एकाच जिन्याने वर चढायचं. आग्नेय तुर्कस्तानातल्या गोबेक्ली टेपे इथे शेतीवर न जगणाऱ्या लोकांनी इ.स.पू. ९५००च्या सुमारास दगडी खांबांची भव्य वर्तुळं उभारली. म्हणजे तिथे देवळासारखं काही आधी आलं, शेती मागून. प्रत्येक ठिकाणच्या लोकांनी हाताशी होतं ते पाणी आणि ती माती घेऊन उत्तर शोधलं.

आणि जिना चढण्याची गोष्ट इनामगाव स्वतःच मोडून काढतं. इ.स.पू. १०००च्या सुमारास तापी आणि गोदावरी खोऱ्यांतली जोर्वे गावं ओस पडली. भीमेच्या खोऱ्यात इनामगावसारखी थोडी टिकली, पण बदलली. ऐसपैस आयताकृती घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. भांडी जाडीभरडी झाली. शिकारीचं प्रमाण वाढलं. इ.स.पू. ७००पर्यंत तेही गाव उठलं.

हे सांगताना मी बरीच वर्षं एकच कारण द्यायचो. पाऊस कमी झाला, दुष्काळ पडले, शेतकरी पुन्हा अर्धे भटके झाले. ढवळीकर सरांची ही मांडणी होती आणि दुष्काळी भागातल्या कुणालाही ती मनाला भिडते. पुढे प्राचीन हाडांच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावच्या बालकांच्या हाडांचा अभ्यास केला आणि हवामानाची नवी माहितीही त्याला ताडून पाहिली. त्यांचं म्हणणं असं की हा प्रदेश आधीपासूनच निम-कोरडा होता. इ.स.पू. १०००ला अचानक पाऊस आटला असं दिसत नाही. मुलांची खुंटलेली वाढ आणि त्यांचे मृत्यू हे त्याच जमिनीवर वाढत गेलेल्या ताणाकडे बोट दाखवतात. मला आता त्यांचं म्हणणं अधिक पटतं. दुष्काळ एकटा गाव उठवत नाही, हे आपण १९७२लाही पाहिलं. कोठारात किती आहे, ते कुणाला मिळतं, आणि जमिनीने किती तोंडं आधीच पेलली आहेत, यावर पुढचं ठरतं. पूर्व-जोर्वे काळातला तो चर आणि ते कोठार ही याच भीतीवरची तजवीज होती. ती चार शतकं पुरली, हे थोडं नाही.

ही माणसं कुठली, कोणती भाषा बोलत, आपले थेट पूर्वज का, हे मुलं विचारतीलच. खापरावरून भाषा कळत नाही. कुणी खात्रीने सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

पुढची हकीकत थोडक्यात. विदर्भात शिळावर्तुळं उभारणारे लोक लोखंड गाळू लागले. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला त्यांची लोखंड गाळायची भट्टी मिळाली आहे. लोखंडाने जमीन मोकळी झाली, घाटवाटांनी समुद्राकडचा व्यापार सुरू झाला, आणि सातवाहनांच्या काळात पैठण, तेर, जुन्नर, नाशिक ही खरीखुरी नगरं उभी राहिली. म्हणजे शहरं इथेही झाली, पण त्यांना जे लागतं ते हाताशी आल्यावर.

वर्गासाठी एक सुचवतो. पहिला मोठा पाऊस झाला की पांढरीच्या टेकाडावर खापरं धुऊन वर येतात. मुलांना तिथे न्या. तांबड्यावर काळी रेघ असलेलं खापर शोधायला सांगा. सापडलं तर शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, जागा वहीत लिहा, आणि खापर आहे तिथेच राहू द्या. उकरू नका, घरी नेऊ नका. फोटो आणि जागा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा, खाली त्या मुलीचं नाव घालून.